हेपटायटिस बीच्या अहवालावरून प्रतिकारशास्त्राच्या मूलभूत संकल्पना कशा अभ्यासाव्यात

प्रतिकारशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास सुरू करताना सायटोकाइन (पेशींमधील संदेशवाहक प्रथिने) आणि सीडी क्रमांक (पेशींच्या पृष्ठभागावरील खुणांची नावे) यांच्या याद्या पाठ करण्याऐवजी हेपटायटिस बी या विषाणूजन्य यकृतरोगाचा रक्ततपासणी अहवाल समोर ठेवावा आणि त्यातील प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: शरीराने कोणता प्रतिजन (प्रतिकारशक्ती ओळखते तो परका घटक) पाहिला, आणि कधी?

प्रथम तीन निर्देशक वेगळे ओळखावेत. एचबीएस-एजी हा विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजन रक्तात असेल तर संसर्ग चालू आहे, आणि तो सहा महिन्यांहून अधिक टिकला तर संसर्ग दीर्घकालीन आहे, असे समजावे. त्याच्याविरुद्धची अँटी-एचबीएस प्रतिपिंडे (प्रतिजनाला चिकटणारी प्रथिने) संरक्षण देतात. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटी-एचबीसी संरक्षण देत नाहीत, केवळ संसर्गाची साक्ष देतात. लसीत यीस्टमध्ये तयार केलेला फक्त पृष्ठभाग-प्रतिजन असल्यामुळे लसवंतांमध्ये केवळ अँटी-एचबीएस आढळतात, तर आजारातून बरे झालेल्यांमध्ये सहसा दोन्ही. विशिष्टता, म्हणजे प्रत्येक प्रतिपिंड आपल्याच प्रतिजनाला ओळखते, ही संकल्पना शिकवायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मग काळाकडे वळावे. आयजीएम या प्रतिपिंड-वर्गातील अँटी-एचबीसी सामान्यतः अलीकडच्या संसर्गाच्या निदर्शक असतात, कारण प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी आधी आयजीएम स्रवतात आणि साहाय्यक टी पेशींच्या मदतीने नंतर वर्ग बदलून आयजीजीसारखी प्रतिपिंडे बनवतात. पृष्ठभाग-प्रतिजन नाहीसा झाला, पण अँटी-एचबीएस अजून मोजण्याइतकी वाढली नाहीत, अशा मधल्या काळात हाच पुरावा हाती उरतो; म्हणून एकाच निर्देशकावरून निष्कर्ष काढू नये.

सर्वाधिक वेळ स्मृतीच्या संकल्पनेला द्यावा. लसीनंतर अँटी-एचबीएसची संरक्षक पातळी प्रति मिलीलिटर 10 मिली-आंतरराष्ट्रीय एकके मानली जाते. पुढे काही वर्षांनी ती याखाली उतरली तरी निरोगी व्यक्तीचे संरक्षण सहसा टिकते, कारण या विषाणूचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) एक ते सहा महिन्यांचा असल्याने पूर्वी पाहिलेला प्रतिजन लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशींना नव्याने प्रतिपिंडे निर्माण करण्यास पुरेशी सवड मिळते. धनुर्वातात ही सवड बहुधा काही दिवसांचीच असते. तेथे प्रतिपिंडे रक्तात आधीपासून असावी लागतात, म्हणून बूस्टर मात्रा आवश्यक ठरते.

यकृताची हानी मुख्यतः विषाणू करत नाही, बाधित पेशी मारणाऱ्या सीडी8 टी पेशी करतात, हेही येथेच लक्षात घ्यावे. जन्माच्या वेळी बाधित झालेल्या बाळांमध्ये हा प्रतिसाद क्षीण असतो आणि सुमारे 90 टक्के बाळांमध्ये संसर्ग दीर्घकालीन होतो. लसीची पहिली मात्रा जन्मानंतर 24 तासांच्या आत देण्यामागे हेच कारण आहे.

शेवटी स्वाध्याय म्हणून बाधित मातेच्या बाळाचा अहवाल वाचून पाहावा. त्यातील अँटी-एचबीसी आयजीजी वारेतून आलेली मातेची असू शकतात. बाळाला संसर्ग झाला आहे का, हे एचबीएस-एजीवरूनच ठरवावे.