छातीवर ईसीजी, बोटावर पल्स सेन्सर: प्रोटोटाइप करताना या चुका टाळा

मुलगा खुर्चीत निवांत बसलाय आणि स्क्रीनवर ठोके १४४! अशा वेळी लगेच कोड बदलायला बसू नका, आधी कच्चा आलेख काढा. बहुतेक वेळा ठोके ७२च असतात, कोड मात्र आर-शिखरामागून (ठोक्याच्या उंच, टोकदार शिखरामागून) येणारी टी-लाटही, म्हणजे त्यानंतरचा बुटका उंचवटाही, मोजत असतो. आरनंतर २०० मिलिसेकंद मोजणी थांबवून भागत नाही, टी त्याच्याही नंतर येते. ३६० मिलिसेकंदांच्या आत आलेल्या शिखराचा चढ तपासा. टी-लाट आरपेक्षा खूप संथ चढते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक सिरीयल मॉनिटरची, म्हणजे बोर्डने पाठवलेले आकडे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीची. बॉडरेट (आकडे पाठवण्याचा वेग, सेकंदाला बिट्स) ९६०० ठेवला, तर एक अक्षर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. ‘२०१३,८४५१२,-११२’ ही ओळ, शेवटची दोन अदृश्य अक्षरं धरून, १७ अक्षरांची. म्हणजे जवळपास १८ मिलिसेकंद. ईसीजीचं रीडिंग सेकंदाला २५० वेळा हवं असेल, तर हातात फक्त ४ मिलिसेकंद आहेत! बफर (पाठवायची अक्षरं साठवणारी जागा) भरला की कोड तिथेच ताटकळतो, रीडिंग्जमधलं अंतर कमीजास्त होतं आणि पुढचा कितीही चांगला फिल्टर वाया जातो. बॉडरेट १,१५,२०० करा आणि रीडिंग टायमरवर घ्या. लूपमध्ये डिले टाकून नाही.

वायफाय सुरू केल्यावर एडी८२३२ या ईसीजी चिपचं रीडिंग बिघडलं? ईएसपी३२ या बोर्डवर वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दुसऱ्या भागाच्या) पिना भरवशाच्या नसतात. वायर ३२ ते ३९ मधल्या पिनेवर न्या. घड्याळासाठी डीएस३२३१ ही चिप जोडलीत, तर तिचा आणि एमपीयू६०५० या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा पत्ता (बोर्ड ज्या क्रमांकाने चिप ओळखतो तो) एकच, ०x६८, म्हणून दोघांची गल्लत होते. एमपीयूची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडली की तो ०x६९ होतो.

आलेखाची रेघ जाड, केसाळ दिसत असेल तर ती घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. इलेक्ट्रोडची जेल बोटाने चाचपून बघा. पाकीट उघडं राहिलं की ती वाळते, आणि वाळलेला इलेक्ट्रोड ही गुणगुण जास्तच पकडतो. इलेक्ट्रोड अंगावर असताना चार्जरला लावलेला लॅपटॉप सर्किटला जोडू नका. यात कुठलीही सूट नाही. बॅटरी आणि ब्लूटूथ वापरा.

मॅक्स३०१०२ हा पल्स सेन्सर बोटावर गच्च आवळलात तर रक्तच दाबलं जातं आणि लाट सपाट होते. सैल ठेवलात तर उजेड आत शिरतो. काळी पट्टी बोट पांढरं पडणार नाही इतपतच ओढा.