यूएपीए प्रकरणात डिफॉल्ट जामीन: दिवस कसे मोजायचे, अर्ज कधी द्यायचा

यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याच्या कलम ४३ड(५)मुळे नियमित जामीन फार अवघड होतो. केस डायरी किंवा आरोपपत्र वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, की न्यायालयाचे हात बांधले जातात. डिफॉल्ट जामिनाला, म्हणजे ९० दिवसांच्या मुदतीत आरोपपत्र दाखल न झाल्यास मिळणाऱ्या जामिनाला, ही अट नाही. तिथे पुरावा तपासत नाहीत, दिवस मोजतात. म्हणून वकीलपत्र घेतल्याच्या दिवशीच तारखांचा कागद करावा.

मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने कोठडी दिल्यापासून) होते. रिमांडचा दिवसही त्यात धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. रिमांड १ मार्चला झाला असेल तर ९०वा दिवस २९ मे. तोवर आरोपपत्र किंवा मुदतवाढ नसेल तर ३० मेला कोर्ट उघडताच अर्ज द्यावा. कोविडच्या टाळेबंदीतही ही मुदत पुढे सरकली नव्हती.

मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते आणि खरी लढाई इथेच असते. तपासाची प्रगती व कोठडी का हवी याची नेमकी कारणे सांगणारा अहवाल सरकारी वकिलाचा स्वतःचा हवा. तपास अधिकाऱ्याचे पत्र नुसते पुढे पाठवणे पुरेसे नाही. मुदतवाढीच्या सुनावणीला आरोपी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून हजर होता का, आदेश देणाऱ्या न्यायालयाला अधिकार होता का, हे रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) पाहा आणि नक्कल लगेच मागवा.

अर्जाला उशीर ही सर्वांत महाग चूक. भीमा कोरेगाव प्रकरणात पुण्याच्या सत्र न्यायालयाला मुदतवाढीचा अधिकारच नव्हता, असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला. इतर आठ जणांना तो नाकारला, कारण त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता. हक्क आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. तोंडी मागणीही चालते, पण लेखी अर्जावर दाखल झाल्याची तारीख आणि वेळ घ्यावीच. त्यानंतर काही तासांनी आरोपपत्र आले तरी हक्क जात नाही.

जामीनदार आणि त्याची कागदपत्रे मात्र आधीच तयार ठेवा. मंजुरीनंतर ठरलेल्या मुदतीत जामीन भरला नाही आणि तोवर आरोपपत्र दाखल झाले, तर हातात आलेली सुटका निसटते.