ऊसतोडीवर कादंबरी लिहायची तर आधी उचलीचा हिशेब मांडा

पात्रांची नावं सुचायच्या आधी एक शंभरपानी वही घ्या. तारीख, फड (तोडणीचं उसाचं शेत), टन, खाडा, शिल्लक असे पाच रकाने पाडा आणि नायकाच्या उचलीचा, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्याकडून) घेतलेल्या आगाऊ पैशांचा, हिशेब सुरू करा.

समजा, नवरा-बायकोच्या एका कोयत्याने (तोडणाऱ्या जोडीला कोयताच म्हणतात) लाखाची उचल घेतली. जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते. टनाला तीनशे धरले तर रोजचे सहाशे. (हे हिशेबापुरतं; ज्या सालची गोष्ट, त्याच सालचा दर शोधून घाला.) हंगाम पाच महिन्यांचा दिसतो, पण पाऊस, कारखान्यातला बिघाड, न आलेला ट्रॅक्टर, पोराचा ताप हे खाडे वजा केले आणि शंभर दिवस भरले, तर साठ हजार फिटले आणि चाळीस अंगावर राहिले. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी माणूस सुटत नाही. पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाकडे यावं लागतं. कथानक इथून निघतं. मुकादमाला खलनायक करायची घाई नको. कारखान्याकडून उचल त्यानेही घेतलेली असते. टोळी पळाली की ती त्याच्या गळ्यात येते.

मग रोजचं तेलमीठ कशावर चालतं? बरेचदा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून. हे ठाऊक नसलं की तिसऱ्या प्रकरणात बाई बाजाराला निघते आणि तिच्या कनवटीला पैसे कुठून आले, याचं उत्तर लेखकाकडे नसतं.

दिवाळीनंतर पंढरपूर, माळशिरस, माढा या पट्ट्यात फडावर जा. पहिल्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्डिंग नको. दुपारी माणसं कामात बुडालेली असतात. संध्याकाळी कोपीपुढे (झोपडीपुढे) चूल पेटली की बोलतात, तेही रात्री गाडी भरायची नसेल तर. साडीवर पुरुषी फुल शर्ट का, हे विचारू नका. पाचटात, उसाच्या वाळलेल्या पाल्यात, अर्धा तास हात घाला, म्हणजे कळेल. खरी नावं, गाव आणि मुकादम ओळखू येतील अशा खुणा पहिल्याच खर्ड्यात बदला.

सालाच्या चुका सर्वांत महाग पडतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. १९७२च्या दुष्काळात माढ्याला उजनीच्या कालव्यावरचा ऊस डोलवलात, तर सोलापूर जिल्ह्यातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. माळशिरसकडे मात्र नीरेच्या कालव्याचं पाणी आधीपासून होतं.

बोलीचंही तसंच. ‘का बे’ सोलापूर शहरातल्या पोराच्या तोंडी शोभतं, बीडहून आलेल्या म्हाताऱ्याच्या नाही. अक्कलकोटकडचा शेतकरी मध्येच कानडीत शिरतो. निवेदन मात्र साधं ठेवा, नाहीतर बोली नुसती सजावट होते.

रोज पाचशे शब्द लिहिले तर साठ हजारांचा खर्डा चार महिन्यांत होतो. दुरुस्तीला त्याहून जास्त वेळ धरा. एखादं प्रकरण सुटं करून दिवाळी अंकाला पाठवायचं तर पावसाळ्याच्या तोंडालाच पाठवा. पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा.

प्रकाशकाशी करार लेखीच करा. त्यात मानधन, आवृत्तीच्या प्रती आणि मुदत लिहून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १९ नुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ छापील मसुद्यात सापडली, तर सहीआधी ती खोडायला सांगा. सिनेमाचे आणि भाषांतराचे हक्क वेगळे ठेवा.