हार्ट फेल्युअर आणि ‘छान’ कोलेस्टेरॉल: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

हार्ट फेल्युअर असलेल्या आमच्या बाबांचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा, रिपोर्ट आला, त्या दिवशी आमच्या लालबागच्या घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. एकूण कोलेस्टेरॉल 128. तीन वर्षांपूर्वी हेच 210 होतं. आई म्हणाली, “बघ, तळकट सोडलं त्याचं फळ.” मी रिपोर्टचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, मामाने अंगठा दाखवला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मात्र त्या आकड्यावरून नजर फिरवली आणि एवढंच विचारलं, “जेवण कसं आहे हो यांचं?”

जेवण कुठे होतं! अर्धी पोळी खाल्ली की “पोट भरलं” म्हणून ताट बाजूला.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेलाच, असं बोलायची पद्धत आहे. डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात तेव्हा हृदय चालूच असतं, पण त्याची शरीराला पुरेल एवढं रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झालेली असते, किंवा ते आखडून नीट भरत नाही. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधला ‘ईएफ’ म्हणजे ज्याला आपण पंपिंग म्हणतो तो आकडा. 40 टक्के किंवा त्याखाली असला तर पंपिंग कमी झालंय असं धरतात.

कमी आकडा दिसला की खूश होणं

आमची चूक हीच. निरोगी माणसाला लावायचा नियम आम्ही बाबांना लावला. कोलेस्टेरॉल वाढलं की रक्तवाहिन्यांत थर साचतो, हार्ट अटॅकचा धोका वाढतो, हे खरंच आहे. पण एकदा हार्ट फेल्युअर जडलं की चित्र उलटं दिसायला लागतं. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजार बळावलेल्या हजाराहून जास्त रुग्णांत, ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी होतं त्यांच्यात मृत्यू अधिक आढळले. 2003 साली युरोपातल्या संशोधकांनाही तेच दिसलं: एकूण कोलेस्टेरॉल साधारण 200 च्या वर असलेले रुग्ण जास्त जगले.

कारण बहुतेक असं, की इथे कोलेस्टेरॉलचा आकडा हा आजाराचा आरसा आहे. हृदय मागे पडलं की रक्त यकृतात आणि आतड्यांत तुंबतं. कोलेस्टेरॉल तयार करण्यात यकृताचा वाटा मोठा, आणि तेच सुजलेलं. आतड्याला सूज आल्यामुळे भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही. शिवाय शरीरात सतत धुमसणारा दाह कोलेस्टेरॉल आणखी खाली आणतो. म्हणजे आकडा पडला म्हणून माणूस खचला असं नव्हे. माणूस खचत चाललाय म्हणून आकडा पडतोय. आणखी एक तर्क आहे. आतड्यातून रक्तात झिरपणाऱ्या जंतूंच्या विषाला कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण बांधून ठेवतात, म्हणून ते पुरेसे असलेले बरे, असा. तो अजून तर्कच आहे.

मग तूप वाढवायचं?

नाही. हे ऐकल्यावर आमच्या आत्याने लगेच साजूक तुपाची बरणी पाठवली! आरशातला चेहरा आजारी दिसला म्हणून कोणी आरशाला पावडर लावत नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करणं, किंवा तिच्यावरच भिस्त ठेवणं

या चुकीला दोन तोंडं आहेत. 2007 च्या ‘कोरोना’ चाचणीत (त्या विषाणूशी काही संबंध नाही, नावाचा योगायोग) साठी ओलांडलेल्या 5,011 हार्ट फेल्युअर रुग्णांपैकी निम्म्यांना रोज 10 मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली. वाईट कोलेस्टेरॉल जवळपास 45 टक्क्यांनी उतरलं, पण मृत्यू त्या प्रमाणात घटले नाहीत. हृदयाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती होणं तेवढं कमी झालं. पुढच्याच वर्षी इटलीतल्या 4,574 रुग्णांच्या चाचणीतही या गोळीने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा या गोळीने पंपिंग सुधारेल अशी आशा नको. पण तिने अपायही झाला नव्हता, आणि ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे किंवा मधुमेह आहे, त्यांच्यासाठी ती त्या कारणाने चालू असते. बंद करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, व्हॉट्सॲप नव्हे.

वजनकाट्यावर आंधळा विश्वास

बाबांचं वजन वर्षभर 62 वरच होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. प्रत्यक्षात दंड वाळले होते, शर्टाची कॉलर सैल झाली होती आणि पावलांवर दाबलं की खळगा पडत होता. मांस घटलं, पाणी वाढलं, काटा जागच्या जागी. वजन रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी करा. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना फोन करा. उलट सूज नसताना वर्षभरात शेकडा 5 टक्के वजन आपोआप उतरलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलो, तर तेही सांगा.

मिठाबद्दल तुम्ही ऐकलंच असेल: पापड, लोणचं, फरसाण, खारा बांगडा. पण ‘कमी सोडियमचं’ म्हणून विकलं जाणारं मीठ मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि हार्ट फेल्युअरच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. गुडघेदुखीच्या गोळ्याही केमिस्टकडून परस्पर नकोत, त्यांनी पाणी साचतं.

मुंबईतल्या गर्दीच्या ओपीडीत कल्याणहून लोकलने आलेल्या माणसालाही डॉक्टरांसमोर दोन-चार मिनिटंच मिळतात. म्हणून जुने लिपिड रिपोर्ट तारखेने लावून न्या. 210, 170, 128 ही उतरण एका रिपोर्टमध्ये दिसत नाही. वजन आम्ही आता भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. आणि किती पोळ्या खाल्ल्या तेही. कालच्या चौकोनात दीड आहे.