'एव्हरीवन'नंतर 'इज' की 'आर'?

'एव्हरीवन हॅव कम' हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही, कारण मनात 'सगळे आले आहेत' हे अनेकवचन चालू असतं. इंग्रजीत मात्र एव्हरीवन एकवचनी, म्हणून 'एव्हरीवन हॅज कम'. माणसं कितीही असोत, व्याकरण त्यांना एकेक करून मोजतं. अनिश्चित सर्वनामांच्या (म्हणजे नेमकं कोण किंवा काय ते न सांगणाऱ्या, एव्हरीवनसारख्या शब्दांच्या) बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आधी प्रश्न खरंच उद्भवतो का ते बघा. वाक्यात विल, कॅन, मस्ट किंवा डिड असेल तर वचनाची काळजीच नको. साध्या भूतकाळात फक्त वॉज आणि वेअर यांतून निवडायचं असतं. उरला वर्तमानकाळ: इज-आर, हॅज-हॅव, डझ-डू आणि क्रियापदाला लागणारा 'एस'.

मग सर्वनाम ओळखा. शेवटी वन, बडी किंवा थिंग असलेली सगळी (समवन, नोबडी, एव्हरीथिंग) एकवचनी. ईच, आयदर, नायदर, अनदर, मच आणि लिटल हीसुद्धा त्यातच. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल, अदर्स ही अनेकवचनी; त्यांच्यात फारसं चुकत नाही.

खरा सापळा 'ऑफ'चा. 'ईच ऑफ द विंडोज हॅव अ लॉक' असं लिहिलं जातं, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी विंडोज बसलेलं असतं. पण कर्ता आहे ईच. 'ऑफ'पासूनचा तुकडा बोटाने झाका आणि उरलेलं वाचा: 'ईच हॅज अ लॉक'. 'नायदर ऑफ द आन्सर्स इज करेक्ट' हेही तसंच. बोलताना नायदरनंतर 'आर' सर्रास ऐकू येतं. परीक्षेत आणि औपचारिक लेखनात 'इज'च लिहा.

ईच कर्त्याच्या मागे गेला की हिशेब बदलतो. 'द गर्ल्स ईच हॅव अ की' बरोबर, कारण इथे कर्ता गर्ल्स आहे आणि ईच नुसता जोडीला आलाय.

सम, ऑल, मोस्ट, एनी, मोर आणि नन यांना बोटाने झाकण्याची युक्ती लावू नका, ती उलटी पडेल. इथे 'ऑफ'नंतरचं नामच निर्णय देतं. 'सम ऑफ द वॉटर इज कोल्ड', पण 'सम ऑफ द बॉटल्स आर एम्प्टी'. मोजता न येणारं नाम असेल तर एकवचन, अनेकवचनी नाम असेल तर अनेकवचन. 'ऑफ' नसेलच, तर सर्वनाम आधीच्या वाक्यातल्या कशाबद्दल आहे ते शोधा.

ननबद्दल एक हट्टी समजूत आहे, की ते कायम एकवचनीच. 'नन ऑफ द मिल्क वॉज स्पिल्ट' इथे एकवचनाला पर्याय नाही, हे खरं. पण 'नन ऑफ द बुक्स'पुढे इज आणि आर दोन्ही मान्य आहेत आणि अनेकवचनाचा वापर जुनाच आहे. तुमचा परीक्षक कडक असेल तर 'इज' लिहून मोकळे व्हा.

आता जरा अवघड जागा. 'वन ऑफ द स्टुडंट्स स्पीक्स जर्मन' इथे कर्ता वन. पण 'शी इज वन ऑफ द स्टुडंट्स हू स्पीक जर्मन' इथे 'हू' स्टुडंट्सकडे बोट दाखवतं, म्हणून स्पीकला 'एस' नाही. वनच्या आधी 'द ओन्ली' आलं की बोलणारी ती एकटीच, म्हणून पुन्हा स्पीक्स.

'एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर नोटबुक' यात हॅज आणि देअर एकत्र बघून गोंधळू नका. क्रियापद एकवचनीच राहतं; देअर फक्त 'त्याची किंवा तिची' हे म्हणण्याची सोय आहे. जुन्या वळणाच्या लेखनात तिथे 'हिज ऑर हर' दिसेल.

प्रश्नार्थक वाक्यात 'एस' डझमध्ये आधीच खर्च झालेला असतो. म्हणून 'डझ एनीबडी नो?' हेच बरोबर, 'डझ एनीबडी नोज?' नाही.