मेल सर्व्हरवर बाहेरून कनेक्शन येत नाही? आधी पॅकेट कुठे अडतंय ते शोधा

मेल जातो, पण बाहेरून एकही येत नाही, असं झालं की पहिला सल्ला मिळतो ‘फायरवॉल बंद करून बघा’. कृपा करून असं करू नका. आयपीटेबल्सचे (लिनक्समधल्या फायरवॉलचे) सगळे नियम पुसायचा सल्ला तर त्याहून घातक. इनपुटचं धोरण ड्रॉप असेल, म्हणजे नियमात न बसणारं येणारं प्रत्येक पॅकेट टाकून दिलं जात असेल, तर नियम पुसताक्षणी एसएसएचही (सर्व्हरवर दुरून काम करायची जोडणी) तुटतं आणि सर्व्हरचं दार तुम्हालाच बंद होतं.

एमएक्स रेकॉर्ड (तुमच्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा हे सांगणारी डीएनएसमधली नोंद) बरोबर आहे आणि सेवा चालू आहे, असं धरून चालतो.

आधी कोणती सेवा कुठल्या पोर्टवर ऐकतेय ते दाखवणारी ‘एसएस -टीएलएनपी’ (ss -tlnp) चालवा. मेल घेणाऱ्या २५ पोर्टपुढे फक्त १२७.०.०.१ दिसलं, तर पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) स्वतःपुरतंच ऐकतंय. त्याच्या ‘इनेट_इंटरफेसेस’ (inet_interfaces) या सेटिंगला ‘ऑल’ (all) करा आणि सेवा रीस्टार्ट करा. हा बदल रीलोडने लागू होत नाही.

आता खरी मेख. बहुतेक जण घरच्या इंटरनेटवरून २५ पोर्टला टेलनेट करतात, टाइमआउट आला की सर्व्हरची फायरवॉल खोदत बसतात. पण घरगुती जोडणीवर बाहेर जाणारा २५ पोर्ट अनेकदा सेवा पुरवणाराच अडवतो. तुमचं पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलेलंच नसतं! म्हणून त्या टाइमआउटवर अजिबात विश्वास ठेवू नका. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) २५ पोर्टवर लावून ठेवा आणि बाहेरच्या एखाद्या मेल खात्यावरून स्वतःला मेल पाठवा.

टीसीपीडंप येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतो, सगळी गंमत त्यातच आहे. सिन (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) आलं आणि उत्तर गेलं नाही, तर दोष बहुधा मशीनवरच्या फायरवॉलचा. सिनच आलं नाही, तर मशीनवर काही शोधू नका. क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप (मशीनबाहेरची फायरवॉल), राउटर किंवा डीएनएसमधला पत्ता तपासा. सिनला उत्तर म्हणून रीसेट (जोडणी नाकारणारं पॅकेट) गेलं, तर बहुतेक वेळा त्या पत्त्यावर कुणी ऐकतच नाही. आणि पाठवणाऱ्याला ‘नो रूट टू होस्ट’ आलं, तर लगेच राउटिंगला दोष देऊ नका. फायरवॉलडीने (लिनक्सवरची फायरवॉल सांभाळणारी सेवा) नकार दिला तरी हाच संदेश दिसतो.

फायरवॉलडीत योग्य झोनला (नेटवर्क जोडणीला लागू होणाऱ्या नियमांच्या गटाला) ‘एसएमटीपी’ सेवा ‘पर्मनंट’ पर्यायासह जोडा, मग रीलोड करा. रीलोडशिवाय नियम आत्ता लागू होत नाही. ‘पर्मनंट’ विसरलात, तर पुढच्या रीलोडला किंवा रीबूटला तो गायब.

सगळीकडून येतंय आणि एकाच पत्त्यावरून अडतंय, तर फेलटूबॅनची (वारंवार चुकीचे प्रयत्न करणारे पत्ते आपोआप अडवणारं साधन) यादी बघा. पत्ता तिथे सापडला, तर ‘अनबॅन’ने मोकळा करा, आयपीटेबल्समध्ये हात घालू नका.