रात्रीच्या आकाशातले पट्टे कसे घालवले (माझा अनुभव)
सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्स परिषदेच्या कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशन फेस्टिव्हलसाठी फिल्म तयार होती. अपलोडसाठी एमपी४ काढली आणि रात्रीच्या आकाशात जाड आडवे पट्टे उमटले. क्षितिजाजवळच्या निळ्यापासून वरच्या काळ्यापर्यंत एकही छटा सलग दिसेना. परीक्षक हीच फाइल बघणार, आणि निवड झालीच तर इलेक्ट्रॉनिक थिएटरचा, म्हणजे फेस्टिव्हलच्या मुख्य शोचा, भलामोठा पडदा. तसंच सोडणं शक्य नव्हतं.

मूळ रेंडर (सॉफ्टवेअरने काढलेल्या फ्रेम) ईएक्सआर या भरपूर छटा साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये होता आणि तिथे आकाश स्वच्छ होतं. म्हणजे पुन्हा रेंडर लावायची गरज नव्हती, घोळ एन्कोडिंगमध्ये, म्हणजे त्यातून एमपी४ बनवताना होत होता. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६च पातळ्या मिळतात, आणि गडद आकाशाच्या वाट्याला त्यातल्या अगदी मोजक्या येतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं डिदर (पट्टे मोडायला मिसळलेला बारीक ठिपक्यांचा नॉइज) वाढवून पाहिलं, पण फरक पडला नाही, एमपी४चं एच.२६४ कॉम्प्रेशन इतका बारीक नॉइज सरळ पुसून टाकतं.

जमलं ते असं: कंपोझिटिंगच्या (फ्रेमचे थर एकत्र जोडण्याच्या) अगदी शेवटी, कलर ग्रेडिंग म्हणजे रंग जुळवणं झाल्यावर, हलकं ग्रेन (जुन्या फिल्मसारखा दाणेदारपणा) घातलं. ते दर फ्रेमला बदलणारंच हवं, नाहीतर काचेवर धूळ बसल्यासारखं दिसतं. मास्टर, म्हणजे उत्तम दर्जाची मुख्य प्रत, १० बिट प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये काढला. त्यावरून एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रामने अपलोडची प्रत: एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा एन्कोडर), सीआरएफ १४ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला), ट्यून ग्रेन (ग्रेन टिकवणारं सेटिंग). फाइल बरीच फुगते, त्यामुळे साइजची मर्यादा नियमांत आधीच बघून घ्या.

तपासताना लॅपटॉपवर विसंबू नका. खोलीत पूर्ण अंधार करून प्रोजेक्टरवर बघा, उरलेसुरले पट्टे तिथे लगेच उघडे पडतात.